आंब्याच्या फळीवर विजेची झाडं: मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर वापरू का?

रंधा_पटाशी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. टीपॉयसाठी आंब्याची फळी तयार आहे: 900 × 450 मिमी, जाडी 35, रंधून 240 पर्यंत पॉलिश पेपर मारून झालाय. तिच्यावर ती फांद्याफांद्यांची जळकी नक्षी हवी आहे, ज्याला फ्रॅक्टल बर्निंग किंवा लिख्टेनबर्ग म्हणतात: फळी खाऱ्या द्रावणाने ओली करायची आणि दोन क्लिपांनी तिला उच्च दाबाची वीज द्यायची. भंगारात दिलेल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून ठेवलाय. व्हिडिओत पाहिलं तर काम दहा मिनिटांचं वाटतं.

विचारायचंय ते असं: 1) फळीला कोणतं द्रावण लावायचं आणि किती दाट? 2) घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आहे, रबरी हातमोजे आणि पायाखाली मॅट घेणार आहे, एवढी काळजी पुरेशी आहे ना? 3) आंब्यावर नक्षी नीट उठते का?

---

उच्चदाब

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते वाचल्यावर पहिला विचारायची गरज राहणार नाही. नाही, पुरेशी नाही. आणि त्यात अजून दोन वस्तूंची भर घातली तरी पुरेशी होणार नाही.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करतो. फरक 30 मिलिअँपिअर झाला की तो पडतो. पण ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (उच्च दाब देणारी गुंडाळी) मेन्सपासून, म्हणजे घरच्या विजेला जोडलेल्या प्रायमरी गुंडाळीपासून, वेगळी असते. तिच्या एका टोकाकडून माणसातून दुसऱ्या टोकाकडे करंट गेला, तर ते वर्तुळ सेकंडरीच्या बाजूलाच पूर्ण होतं. या ट्रान्सफॉर्मरमध्ये सेकंडरीचं एक टोक गाभ्यालाच जोडलेलं असतं, त्यामुळे गाभा अर्थ केला (जमिनीला जोडला) आणि करंट जमिनीतून फिरला तरी तो गाभ्याकडेच परत येतो. प्रायमरीत फेज-न्यूट्रल अगदी समान. आरसीसीबीच्या लेखी काही घडलेलंच नाही.

आता एमसीबी, म्हणजे जादा भार आला की पडणारा स्विच. सेकंडरीला साधारण 2000 व्होल्ट, प्रायमरीला 230, म्हणजे गुणोत्तर सुमारे 1:9. छातीतून 100 मिलिअँपिअर गेला तर हृदयाची लय बिघडून तंतुकंपन (हृदयाचं नुसतं थरथरणं) सुरू व्हायला तेवढा पुरतो. त्या वेळी प्रायमरीवर जादा भार किती? 200 वॅट, जेमतेम 0.9 अँपिअर. 16 अँपिअरच्या एमसीबीला तो लहान मिक्सर लावल्यासारखा वाटणार. या ट्रान्सफॉर्मरची क्षमता अर्ध्या अँपिअरच्या पुढची आहे, आणि एवढ्या दाबाला (व्होल्टेजला) कातडीचा रोध टिकतच नाही. कातडी फुटते आणि आतला खारट, ओला मार्ग मोकळा होतो.

हातमोज्यांचं म्हणाल तर भांड्यांचे किंवा बागकामाचे रबरी मोजे इथे मोजायचेच नाहीत. विद्युतकामाच्या मोज्यांना वर्ग असतात: वर्ग 0 हा 1000 व्होल्टपर्यंत, वर्ग 1 हा 7500 पर्यंत. म्हणजे वर्ग 0 सुद्धा इथे कमी पडतो. वर्ग 1 घेतला तरी त्यावर चामडी मोजा लागतो आणि दर वेळी हवा भरून भोक तपासावं लागतं. त्यात फळीवरचं खारं पाणी मनगटातून आत उतरलं की सगळं मुसळ केरात. मॅट फक्त पायातून जमिनीकडे जाणारा मार्ग अडवते. दोन्ही टोकांना दोन हात लागले तर करंट हातातून हातात, थेट छातीतूनच जातो. तिथे मॅटचा काय संबंध?

घरगुती वायरवर छापलेलं वाचा: 1100 व्होल्ट. 2000 व्होल्ट आरएमएसचं (म्हणजे सरासरी धरून सांगितलेल्या दाबाचं) शिखर 2800 च्या पुढे जातं. साधा मल्टिमीटर 600 किंवा 1000 व्होल्टचा असतो, तो इथे लावला तर हातात फुटू शकतो. थोडक्यात, घरात असलेली एकही वायर, क्लिप, टेस्टर किंवा मीटर या दाबासाठी बनवलेला नाही.

---

कातारी

वरच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. त्यात कातकाम (लेथवर लाकूड फिरवून आकार देणं) करणाऱ्यांच्या बाजूची माहिती जोडतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संघटनेने आपल्या सगळ्या कार्यक्रमांत या प्रकाराला बंदी घातली आहे. त्यासाठीच्या साधनांच्या जाहिराती ते घेत नाहीत, त्याला उत्तेजन देणारे लेखही छापत नाहीत. या कामात गेलेल्या माणसांची त्यांच्याकडची नोंद तिशीच्या पुढे गेलेली आहे. ही संघटना काही भित्र्यांची नव्हे. लेथवर ओबडधोबड ओंडके फिरवणारी, हातात धारदार पटाशा धरणारी ही माणसं. त्यांनी एखादी गोष्ट सरळ बंद केली म्हणजे काय ते समजा.

अपघात बहुतेक कधी होतो तेही लक्षात घ्या. नक्षी थांबते, फळी वाळलेली दिसते, आवाज बंद होतो. माणसाला वाटतं बंद झालं, आणि तो क्लिप सरकवायला किंवा पुन्हा ओलं करायला हात घालतो. दाब मात्र तिथे तसाच असतो. ओल्या फळीचा सगळा पृष्ठभाग, खाली ओघळलेलं पाणी, टेबलाची कड, सगळं जिवंत.

---

जिज्ञासू_सांगली

पण बाजारात तयार मशिनं मिळतात ना? आणि पायाने दाबायचा स्विच लावला, पाय उचलला की बंद, तर?

---

उच्चदाब

तयार मशिनच्या डब्यात आत तेच, नाहीतर निऑनच्या पाटीचा ट्रान्सफॉर्मर असतो. निऑनवाल्याचा करंट 30 मिलिअँपिअरच्या आसपास मर्यादित असतो म्हणून तो "सुरक्षित" म्हणून विकतात. पण दाब 10–15 हजार व्होल्ट, आणि 30 मिलिअँपिअर छातीतून जात राहिला तरी श्वास अडकतो, हृदय बिघडू शकतं.

पायाच्या स्विचमागचं गृहीतक असं की झटका बसल्यावर पाय उचलला जाईल. झटक्यात स्नायू आखडतात. हाताची मूठ क्लिपवर आवळली जाते आणि पाय पेडलवर ताठ होऊ शकतो. उच्चदाबाच्या चाचणी प्रयोगशाळेत असतो तो अर्थ केलेला पिंजरा, दार उघडताच पुरवठा तोडणारा इंटरलॉक, साठलेला प्रभार उतरवायचा (डिस्चार्जचा) दांडा आणि दोन माणसांची कार्यपद्धती, एवढं असेल तेव्हा बोलू. टीपॉयच्या फळीसाठी तो खटाटोप कोणी करत नाही, आणि अर्धवट केला तर न केल्यासारखाच.

एक राहिलं. असं करताना कुणाला झटका बसलेला दिसला तर त्याला हात लावू नका. एवढ्या दाबाला लाकडी काठीचाही भरवसा नाही. घराचा मेन स्विच पाडा, मगच जवळ जा. श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब सुरू करा: मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंमी. दुसऱ्याला 108 किंवा 112 लावायला सांगा. माणूस उठून बसला तरी इस्पितळात न्यायचाच. वरून लहान दिसणारी जखम आतून मोठी असते, आणि हृदयाची लय काही तासांनीही बिघडू शकते.

---

गंधक_शेंदूर

विषय निघालाच आहे तर ही नक्षी मुळात काय आहे ते सांगतो, कारण पर्याय त्यातूनच सुचतात.

1777 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगनला गेऑर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग या प्राध्यापकाने भलामोठा इलेक्ट्रोफोरस बनवला, म्हणजे राळेच्या चकतीवर स्थिरविद्युत साठवायचं यंत्र. चकती घासताना उडालेली राळेची धूळ पुन्हा चकतीवर बसली ती तारकांच्या आणि फांद्यांच्या आकारात. प्रभार जिथे पसरला होता तिथे धूळ चिकटली, एवढाच प्रकार. पुढे गंधक आणि शेंदूर यांची मिश्र पूड वापरायला लागले. कापडातून झटकताना दोघं एकमेकांना घासतात, गंधकावर ऋण आणि शेंदरावर धन प्रभार येतो. त्यामुळे पिवळा गंधक धन भागावर बसतो, तांबडा शेंदूर ऋण भागावर. धन प्रभाराची आकृती फांद्यांची, ऋणाची गोलसर ढगासारखी. (हा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, विषारी. घरी करून बघू नका.)

लाकडावर होतं ते याहून वेगळं. तिथे ओला पृष्ठभाग करंटने तापून वाळतो, मग जळतो. जळून झालेला कोळसा ओल्या लाकडापेक्षा चांगला वाहक, म्हणून करंट त्याच्याकडे धावतो आणि टोकाला नवा फाटा फुटतो. विजेच्या खांबावरच्या मळक्या इन्सुलेटरवर हेच होतं तेव्हा त्याला ट्रॅकिंग म्हणतात आणि लाइनमन तो इन्सुलेटर बदलतात. म्हणजे इतर ठिकाणी जो बिघाड मानतात, तोच इथे कलाकुसर म्हणून विकला जातोय.

टोकाला वाढ, मागे सावली: फांद्यांच्या आकाराचं सगळं गणित या एका नियमात आहे, आणि त्याला वीज लागत नाही. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाट पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक पेंट दाबा आणि एक पट्टी कडेकडून हळू उचला. हवा रंगात घुसताना तश्शाच फांद्या पडतात. पातळ द्रव दाट द्रवात घुसला की सीमा अस्थिर होते, त्याचं विश्लेषण सॅफमन आणि टेलर यांनी 1958 मध्ये केलं. पेंट 1 मिमीपेक्षा जाड नको, पट्टी झटक्यात उचलू नका. पाणीदार पेंटमध्ये फांद्या जाड आणि बोथट येतात, दाट पेंटमध्ये बारीक. आवडलेल्या छापाचा वरून सरळ फोटो काढा, काळा-पांढरा करा, प्रिंट घ्या आणि कार्बन पेपरने फळीवर उतरवा.

---

कातारी

बरोबर. आता फळीबद्दल बोलू.

आंब्याच्या लाकडात काळपट-करड्या रेघा असतात आणि रंग एकसारखा नसतो. त्यावर बारीक तपकिरी नक्षी हरवते. जळकी नक्षी उठून दिसायला फिकट, बारीक पोताचं लाकूड हवं: रबरवुड, शिवण, हळदू, बीच. पाइन स्वस्त पडतो, पण त्याच्या वाढीच्या कडक आणि मऊ रेघा आलटून पालटून येतात. पेन मऊत बुडतं आणि कडकावरून घसरतं, रेघ तुटक येते. साग तेलकट, मूळचाच गडद. आंब्याची हीच फळी वापरायची असेल तर जाळण्यापेक्षा कोरून रंगीत इपॉक्सी भरा. ते खाली सांगतो.

पहिला पर्याय नवसागर. कल्हईला लागतो तोच, अमोनियम क्लोराइड. तापला की तो अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लात विघटित होतो. आम्लामुळे लाकडातला सेल्युलोज कमी तापमानाला काळा पडतो. म्हणजे जिथे द्रावण लावलंय तिथे लाकूड आधी जळतं, बाकीचं पांढरं राहतं.

कोमट पाणी 100 मिली, नवसागर 12 ग्रॅम. विरघळल्यावर कपड्यातून गाळून घ्या, बाजारच्या खड्यात माती असते. मग गवार गम अर्धा ते एक ग्रॅम भुरभुरवत ढवळा, गुठळी नको. द्रावण बोटावरून ओघळण्याऐवजी लोंबायला हवं. दाटपणा देणं टाळलंत तर ते लाकडाच्या रेषांतून धावतं आणि प्रत्येक फांदीला दोन्ही बाजूंनी मिशा फुटतात. सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते इथेच. दुसरा उपाय: फळी ओल्या फडक्याने पुसून वाळवा, उभे राहिलेले तंतू 320 च्या कागदाने हलके उतरवा, मगच नक्षी काढा.

ब्रश नायलॉनचा, प्लास्टिक मुठीचा. पत्र्याची मूठ गंजते आणि गंजाचा डाग फळीवर उतरतो. खोड 3 ते 4 मिमी, टोकाच्या फांद्या केसाएवढ्या, त्यासाठी इंजेक्शनची बोथट सुई असलेली बाटली बरी. फांद्या आपोआप फुटाव्यात असं वाटत असेल तर थेंब टाकून लगेच स्ट्रॉने फुंका, पण त्यासाठी द्रावण निम्म्या गमचं करा आणि टाकाऊ तुकड्यावर हात बसवून घ्या. तोंडाने ओढायचं मात्र नाही.

पूर्ण वाळू द्या, निदान 20 मिनिटं. ओलं असताना तापवलं तर वाफेबरोबर द्रावण पसरतं. हीटगन 400 ते 450 अंशांवर, 5 ते 7 सेंमीवरून, सतत हलती. अर्ध्या-एक मिनिटात नक्षी तपकिरी आणि मग काळी व्हायला लागते. शेजारचं कोरं लाकूड पिवळसर दिसायला लागलं की हात काढा. गॅसचा टॉर्च वापरू नका, तो कोऱ्या लाकडालाही पकडतो.

धूर घसा आणि डोळ्यांना झोंबतो, तेव्हा हे काम उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून करा. लोखंडी अवजारं लांब ठेवा, सगळी गंजतात. नवसागराचा ब्लीचशी संबंध येऊ देऊ नका, विषारी वायू होतो. चुन्याशीही नको, अमोनिया सुटतो. शेवटी ओल्या फडक्याने दोनदा पुसून 24 तास वाळवा. क्षार उरला तर पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पॉलिश पांढुरकं पडतं.

दुसरा पर्याय पायरोग्राफीचं, म्हणजे तापल्या टोकाने लाकूड जाळून चित्र काढायचं पेन. खऱ्या विजेच्या नक्षीत मधे काळी रेघ आणि तिच्या भोवती तपकिरी झळ असते. बहुतेक जण फक्त काळी रेघ काढतात, म्हणून ती नकली दिसते. आधी चपट्या टोकाने, कमी तापमानात झळ ओढा, मग धारेच्या टोकाने मधली रेघ. खोडाकडून टोकाकडे जा, जाता जाता वेग वाढवा आणि पेन चालतं असतानाच उचला. थांबून उचललंत तर प्रत्येक फांदीच्या टोकाला काळा ठिपका पडतो.

आंब्यासाठी: 60 अंशांच्या व्ही बिटने (राउटरच्या टोकदार पात्याने) नक्षी 2 ते 3 मिमी खोल कोरा. रंग ओतण्याआधी खोबणीत आणि कडेला चपडा लाखेचे दोन पातळ हात मारा. आंब्याची छिद्रं मोठी, इपॉक्सीतला रंग त्यांतून शेजारी झिरपतो आणि मग घासून जात नाही. इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं पाळा आणि ते वजनाने की आकारमानाने ते आधी वाचा. काठोकाठ न भरता किंचित वर येईल इतकं भरा, बुडबुड्यांवर हीटगन दोन सेकंद फिरवा. पूर्ण कडक होऊ द्या आणि मगच 120 पासून घासा. चिकट असताना घासलंत तर कागद भरतो आणि इपॉक्सी ओरबाडून निघतं.

---

शून्य_एक

लेझर किंवा सीएनसी (संगणकाने चालणारं कोरकामाचं यंत्र) हाताशी असेल तर नक्षी संगणकाकडून वाढवून घ्या. निमायर, पिएत्रोनेरो आणि विसमन यांचं 1984 चं प्रतिमान नेमकं विद्युत-भंगाच्या (वीज इन्सुलेटर फोडून जाते त्या) फांद्यांसाठीच आहे. पण लिहायला सोपं ते डीएलए, म्हणजे कण चिकटत चिकटत झाड वाढवायची पद्धत: एक बीज ठेवा, लांबून एकेक कण यादृच्छिक चालीने सोडा, झाडाला टेकला की चिकटवा. 15–20 हजार कणांत झाड भरतं.

दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. एक, चौकटीच्या जाळीवर केलंत तर झाड अधिकच्या चिन्हासारखं चार दिशांना झुकतं. कणांना मोकळे दशांश निर्देशांक द्या. दुसरं, कण चिकटताना तो कुणाला चिकटला ते नोंदवा. मग ठिपक्यांऐवजी रेघा मिळतात, आणि प्रत्येक रेघेमागे किती कण आहेत त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाडी देता येते: टोकाला 0.3 मिमी, खोडाला 3 मिमी अशी मर्यादा घाला. फळीच्या समोरासमोरच्या दोन कडांवर एकेक बीज ठेवा. दोन झाडं मधे भेटायला येतात, पण एकमेकांची वाट अडवतात. व्हिडिओतल्या फळ्या अशाच दिसतात.

एसव्हीजी (रेघांची चित्र-फाइल) करून इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये माप जुळवा. 10 वॅटच्या डायोड लेझरवर 0.1 मिमी अंतराच्या रेघा, 2500 मिमी प्रतिमिनिट, 60 टक्के शक्ती, इथून सुरुवात करा आणि त्याच लाकडाच्या तुकड्यावर चाचणीचा तक्ता काढा. तपकिरी झळ हवी असेल तर तोच आकार फोकस 2 मिमी वर नेऊन कमी शक्तीत आधी एकदा फिरवा. फळीवर मास्किंग टेप लावली की धुराचे डाग पडत नाहीत. चष्मा 450 नॅनोमीटरसाठीचाच घ्या, मशिनबरोबर आलेल्या हिरव्या प्लास्टिकवर विसंबू नका. पीव्हीसी चिकटवलेला बोर्ड लेझरखाली कधीच नाही, आम्लाचा धूर निघतो.

---

रंधा_पटाशी

सगळ्यांचे आभार. आरसीसीबीचं गणित डोक्यात बसलं. आंब्याच्या फळीत व्ही बिट आणि इपॉक्सी करतो, नवसागर रबरवुडच्या तुकड्यावर करून बघतो. दोन शंका: नवसागराच्या नक्षीवर पॉलिश कोणतं? आणि त्या ट्रान्सफॉर्मरचं काय करू?

---

कातारी

नक्षीवरचा सुटा कोळसा जुन्या टूथब्रशने झाडा. हाताने पुसू नका, काजळी कोऱ्या लाकडात घुसते. पहिला हात स्प्रे सीलरचा मारा. ब्रशने किंवा बोळ्याने मारलात तर काळं ओढलं जातं. तो वाळला की मग चपडा लाख, लिटरभर स्पिरिटला 100–120 ग्रॅम, किंवा टीपॉयवर चहाचे कप येणार असतील तर पीयू (पॉलियुरेथेन). लाखेवर गरम कपाचं पांढरं वर्तुळ उमटतं.

---

उच्चदाब

ट्रान्सफॉर्मर ई-कचरा घेणाऱ्याला द्या, तांबं आणि पोलाद वजनावर जातं. देण्याआधी सेकंडरीच्या वायरी मुळाशी कापून टाका, म्हणजे पुढच्या कुणाला तो उचलून जोडावासा वाटणार नाही. मायक्रोवेव्हचा सांगाडा अजून पडून असेल तर त्यातल्या कपॅसिटरला हात लावू नका. प्लग काढल्यावरही तो भरलेला राहू शकतो, आणि आतला डिस्चार्ज रेझिस्टर उडालेला असेल तर बराच वेळ. तसाच बंद करून ई-कचऱ्यात द्या.